डोळ्यांतले किडे

त्या गुरुवारी मांडवगण फराट्यात मारुतरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नयनमहाराज माणसाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला पितळी नळी लावत, गाल आत ओढत आणि वाटीतल्या पाण्यात थुंकत. पांढरा बारीक किडा तरंगू लागला की बायाबापड्या हात जोडत.

मारुतरावांची सून सुलक्षणा डाव्या डोळ्याला पट्टी बांधून ओसरीवर बसली होती. महाराजांना गावात पहिल्यांदा आणलं ते तिच्याचसाठी. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरूनच करायची, रोजचे दहा तास लॅपटॉपसमोर. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. महाराजांनी सात किडे काढले. हे मशीनच्या उजेडात पैदा होतात, डॉक्टरला दिसत नाहीत, असं सांगितलं आणि तीन दिवस लॅपटॉप बंद ठेवायला लावला. तिला खरंच बरं वाटलं. मारुतरावांनी गावभर सांगितलं.

काम सुरू झालं तशी आग परतली. तिनं पुन्हा नळी लावून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी डोळा लालभडक होऊन सुजला. किडे निघताना चावतात, असं महाराज म्हणाले. सासऱ्यांना ते पटलं. पाचव्या दिवशी ती एकटीच दौंडला डॉक्टरांकडे गेली. नळीनं बुबुळावर जखम झाली होती, ती चिघळली होती. डॉक्टर म्हणाले, "स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, डोळा कोरडा पडतो. विश्रांती मिळाली म्हणून बरं वाटलं. चार दिवस आधी आला असतात तर..."

परतल्यावर ती थेट सोपानराव गुरुजींकडे गेली. त्यांनी शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात घालवली होती. सगळं ऐकून घेऊन ते आज रांगेत येऊन बसले होते.

उजवा डोळा खुपतो म्हणाले. महाराजांनी नळी लावली, चार किडे काढले. गुरुजी उठले, गर्दीकडे वळले आणि खालची पापणी ओढून तो डोळाच त्यांनी तळहातावर काढून ठेवला.

"खरा डोळा मळणीयंत्रात गेला, त्याला तीस वर्षं झाली. ह्या बसवलेल्या डोळ्यात किडे कुठनं आले?"

गुरुजींनी तांब्या पुढे केला आणि महाराजांना चूळ भरायला सांगितली. ते मागे सरू लागले, पण दोघांनी वाट अडवली. अखेर चूळ जमिनीवर पडली. तिच्यात पाच-सहा पांढरे मोड होते, साल काढलेल्या मोहरीचे. गालात ठेवायचे आणि एकेक थुंकायचे, एवढीच ती विद्या.

मारुतरावांनीच महाराजांना मागच्या दारानं काढून दिलं. पोलिसांत गेलं तर घराची शोभा होईल, असं त्यांनी सुनेला बजावलं. पुढच्या गुरुवारी महाराज यवतजवळ बसल्याचं कानावर आलं. तिथंही गर्दी होती म्हणे.

सुलक्षणा तरीही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पोलीस ठाण्यात गेली. डाव्या डोळ्याला आता सगळं धुरकट दिसतं, आणि ते तसंच राहणार आहे. शेजारच्या धुरपदाबाईंनी एकदा तिला विचारलं, "पर तवा तुला गुण आला व्हता न्हवं?"

"आला होता, मावशी," ती म्हणाली. "का आला, ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारत जा. कुणीही बरं करून दाखवलं तरी आधी विचारत जा."