शीतलनाथांची सरासरी

साळूबाईच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा नवरा लढाईवर, आठ वर्षांची लेक राही हिवतापाने अंथरुणाला खिळलेली, आणि तो ताप शीतलनाथ महाराजांनी पळवला होता. तोही गणिताने! पलटणीतून पैदा केलेला थर्मामीटर त्यांनी भस्मात खोचून ठेवला होता.

"कालपासनं चार बारी लावला," महाराज गरजले. "एकदा एकशे पाच, तीनदा सत्त्याण्णव. बेरीज करा, चारानं भागा. नव्व्याण्णव! सरासरी म्हंजी देवाचा कौल. ताप गेला. डाक्टरच्या गोळ्या कृष्णामाईत सोडा!"

गणित बरोबर होतं, हीच तर पंचाईत! ज्या गावाला भागाकार येत नाही, त्याला तो मंत्रच वाटणार. बायकांनी हात जोडले. साळूबाई क्विनीनच्या गोळ्यांची पुडी घेऊन नदीकडे निघाली. लढाईच्या टंचाईत मिरजेला चकरा मारून तिने ती मिळवली होती.

मी शाळामास्तर. माझं डोकंच फिरलं.

"साळूबाई, थांबा! भाऊसो, सांगलीच्या बाजारात हळदीचं पोतं कसं पारखता?"

"वरची मूठ बगायची, बुडाची बगायची," गर्दीतला हळदवाला भाऊसो म्हणाला. "लय फरक दिसला तर पोतं माघारी."

"मग तापही तसाच पारखा. सगळ्यात जास्त एकशे पाच, सगळ्यात कमी सत्त्याण्णव. वजा करा."

भाऊसोने बोटं मोजली. "आठ!"

"याला विस्तार म्हणतात. धडधाकट माणसाचा दिवसभरात एखाद-दोन अंशांचा. राहीचा आठ! हा हिवताप एक दिवस चढतो, दुसऱ्या दिवशी आपोआप उतरतो. महाराजांनी चढत्या दिवशी एकदा मोजला, उतरत्या दिवशी तीनदा. मग सरासरी गोडच येणार."

"अश्रद्धेनं ताप परत यील!" महाराज ओरडले.

"श्रद्धा असली तरी उद्या येईल. तुम्ही मुक्कामाला राहा, सगळे मिळून बघू."

महाराजांना एकाएकी महाबळेश्वरचं अनुष्ठान आठवलं. ते झोळी आवरू लागले.

"आवं महाराज," साळूबाई माघारी फिरत म्हणाली, "सरासरीनं बरी पोर न्हाई पायजे मला. रोज बरी पायजे." तिने पुडी उघडली आणि गोळी राहीच्या जिभेवर ठेवली.

बाबाबुवा आकडे सांगू लागले, की घाबरू नका. सगळ्यात मोठा कोणता आणि सगळ्यात लहान कोणता, एवढं विचारा. नुसत्या सरासरीवर आपलं लेकरू सोपवू नका.