उजवं फुफ्फुस मनसारामकडे

मांडीच्या हाडाचा कॅन्सर काढून दीड वर्ष झालं. हाडाच्या जागी आता धातू आहे. दर तीन महिन्यांनी चंद्रपूरला जाऊन पाय आणि छाती दाखवायची, कारण हा आजार परत आला तर बहुधा फुफ्फुसात येतो. हे मी कुठेतरी वाचलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

या खेपेला डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला आणि उजव्या फुफ्फुसावर बोट ठेवलं.

"इथे ठिपका आहे. जुना असेल तर काळजी नाही. नवा असेल तर पुढच्या तपासण्या. मधल्या एक्स-रेंत ही जागा धूसर आहे. ऑपरेशनआधी दुसरीकडे काढलेला छातीचा एक्स-रे घेऊन या."

"आणतो," मी म्हणालो.

तो एक्स-रे मी कापला होता.

अहेरीला आमच्या ओसरीवर मी दोन कपाटांचं वाचनालय चालवतो. वनखात्यातल्या कारकुनीनंतर दुसरं काही जमत नाही, हेही जमतं असं नाही. कागदी कव्हरं आठवड्यात फाटतात. एक्स-रेची फिल्म फाटत नाही, भिजत नाही. बरा झालो, आता ती कशाला हवी, असं वाटलं. मधोमध कापून दोन पुस्तकांना घातली.

परतीच्या बसमध्ये कुंताला, म्हणजे बायकोला, हळूच सांगितलं. तिने हळू ऐकलं नाही.

"सोताची छाती पुस्तकाले गुंडाळली? आन् वाटली लोकायले?"

पुढच्या सीटवरचे दोघे वळून माझ्या छातीकडे पाहू लागले.

डावं फुफ्फुस धुरपताबाईकडे, लोणच्यांच्या पुस्तकावर लगेच मिळालं. ते नको होतं. उजवं मनसारामकडे, एका रहस्यकथेवर होतं. तो प्राणहितेच्या काठी जाळं सांधत बसला होता, पुस्तक मांडीवर उघडं.

"देतो ना, भाऊ. दोनच पानं राह्यली. खुनी कोन ते समजू द्या."

"वाच. घाई नाही," मी म्हणालो.

"घाई नाई?" कुंता ओरडली. "अरे मनसाराम, त्या कव्हरात ह्यायचं फुफ्फुस हाय!"

त्याने पुस्तक उन्हात धरलं. "मले वाटलं डिझाइन होय. मासे धरताना रोज डोंग्यात घेऊन बसतो मी." मग आदराने म्हणाला, "बरगड्या मात्र चांगल्या हायेत, भाऊ. मोठ्या रोहूवानी."

"दे इकडे!"

"मंग खुनी कोन?"

"पुतण्या," मी सांगून टाकलं. शेवट कोणाला सांगायचा नाही, हा वाचनालयाचा एकमेव नियम होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अर्धी फिल्म नाकापासून लांब धरली. "मासळी?"

"वाचक," मी म्हणालो.

त्यांनी ती दिव्यावर लावली. "आहे! ठिपका इथेही आहे." कुंताने हात जोडले. डॉक्टर जवळ वाकले, नखाने खरवडलं, आणि ठिपका नखावर आला.

"हा खवला आहे."

मी मनातल्या मनात कपाटं कोणाला द्यायची याचा विचार करू लागलो. कोणीच घेणार नव्हतं.

डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्याने फिल्म पुसली, पुन्हा लावली, भिंग घेतलं. नव्या एक्स-रेवर पट्टी ठेवली, मग जुन्यावर. बराच वेळ.

"हा बघा. बरगडीच्या मागे. तेवढाच, तिथेच. दीड वर्षात जराही वाढलेला नाही. जुना डाग आहे. पायही ठीक आहे. तीन महिन्यांनी या, आणि कृपा करून काही कापू नका."

बाहेर आल्यावर कुंता बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. इतक्या वर्षांत अशा वेळी काय बोलायचं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"झाकन तर खोला," ती म्हणाली.