राखणीची चटणी

मुंबईच्या हॉटेलात बारा वर्षं तंदूर सांभाळला, म्हणून मला वाटायचं, चटणीतलं आपल्याला सगळं कळतं. कुडपणकडच्या आमच्या वाडीत वर्षातून एकदा गावदेवाची राखण असते. देवाला कोंबडे द्यायचे, देवळामागे निखाऱ्यावर भाजायचे आणि सगळ्या वाडीने पंगतीला बसून हिरव्या चटणीबरोबर खायचे. ती चटणी तीस वर्षं माझी चुलती, ठकूबाई, वाटत आली. यंदा मी चारचौघांत फुशारकी मारली, "काकी, तू बस गो. आज तुमाला खरी चटणी चारतो."

काकी रागावली नाही. तिने कोथिंबीर-पुदिना निवडून दिला, लसूण सोलून दिली आणि पाट्यावरून उठली. मी मिरच्या, आलं घालून वाटलं, लिंबू पिळलं, मीठ टाकलं, वाटीत काढलं आणि बोट बुडवून चाटलं. हॉटेलात चाखल्याशिवाय काही बाहेर जात नाही. इथे मात्र देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कशालाही तोंड लावायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. बोट तोंडात गेल्यावर आठवलं. काकीने पाहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

पूजेचा मान असलेला म्हातारा भिकाजी वाटी न्यायला आला. चटणीत बोटाची रेघ उठली होती. कोणी उष्टावली, असं त्याने विचारलं. माणसं वळून बघायला लागली. मघाची माझी फुशारकी सगळ्यांनी ऐकली होती. मी वरवंट्याला लागलेली चटणी निपटत राहिलो.

"मी चाखली," काकी म्हणाली. "मीठ बघाया."

भिकाजी तिला नाही नाही ते बोलला. "म्हातारी झालीस, तरी जिभेला धीर नाय? परत पाट्याला हात लावायचा नाय." ती मान खाली घालून बाजूला जाऊन बसली. चटणी फेकली, पाटा धुतला आणि परत वाटायला बसवलं कोणाला, तर मला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी मी वाटली. नैवेद्य झाला, पंगत बसली. लोक बोटं चाटून माझं कौतुक करत होते.

जेवणं उरकल्यावर काकीजवळ गेलो. तिच्या पत्रावळीवर चटणी तशीच होती. सगळ्यांना खरं सांगतो, म्हणालो.

"आता?" ती म्हणाली. "जेवून हात धुतल्यावर?"

तेवढ्यात भिकाजीने लांबूनच हाक मारली. पुढल्या वर्षापासून चटणीचा मान हर्षदचा, येशील ना रे, म्हणून मला विचारलं. काकी माझ्याकडे बघत होती. सांगायचं तर अजूनही सांगता आलं असतं.

"येतो," मी म्हणालो.