बुटके डालगे

मित्रांनो, त्या संध्याकाळी आबांनी माझ्या काठाखाली एक वीट सरकवली. मी थोडे उचलले गेले. आत बसलेल्या कोंबड्याला ते म्हणाले, "घे गड्या, जरा मान वर कर. पर वरडू नगंस." दुसऱ्या सकाळी आबा उठलेच नाहीत.

मी कोंबडा झाकायचे एक जुने डालगे आहे. पाटणच्या बुरुडाने मला बांबूच्या कांबींनी विणले, तेव्हा मी चांगले उंच होते. आबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार तात्याबा. गावी कोंबडा पहाटे आरवला की ते म्हणत, "बिगूल झाला." १९९४ साली ते मलकापुरात मुलीकडे, शिवांजलीकडे, राहायला आले. एसटीच्या टपावर मी होते, त्यांच्या मांडीवर कोंबडा.

शिवांजली शाळेत शिकवत असे. शाळेतल्या बाई घरी आल्या की ती आबांना हळू बोलायला सांगे. कॉलनीचा एक नियम होता. शेजाऱ्यांची तक्रार आली, तर कोंबडा ठेवायचा नाही. महिन्याभरातच ती म्हणाली, "आबा, तक्रार आलीय."

"कुणाची गं?"

"नाव कशाला हवं?"

"ते बी खरं. नियम म्हंजे नियम."

फौजी माणूस. त्यांनी पुन्हा विचारले नाही. पण कोंबडा देऊन टाकणेही त्यांना जमेना. मग त्यांनी कोयत्याने माझा खालचा घेर कापून मला बुटके केले. मान ताणल्याशिवाय कोंबड्याला आरवता येत नाही. रोज पहाटे त्याचे डोके माझ्या कांबींना लागे आणि आवाज घशातच राही. मांजरापासून त्याला जपायला माझा जन्म. मी त्याचा गळा धरून बसले. आबाही हळूहळू कमी बोलू लागले.

तेराव्यानंतर शेजारच्या चारुलताकाकू आल्या. परसात बघून म्हणाल्या, "अगं, कोंबडा आहे की! मग आरवत का नाही? आमचे हे त्याच्यावरच उठायचे. आता रोज बस चुकते. मला वाटलं, आबांनी विकला."

शिवांजलीने त्यांच्या हातात चहा दिला.

त्या गेल्यावर तिने मला उचलून बाजूला ठेवले. वीट तिथेच होती. वर सगळे आभाळ मोकळे होते, तरी कोंबडा मान खाली घालूनच उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणावर माझ्यासारखे डालगे असेल, तर त्याची उंची वेळेत बघा.

शिवांजली विटेपाशी उकिडवी बसली. ती मोठ्याने म्हणाली, "आबा, तक्रार कुणाचीच नव्हती. लाज मला वाटायची. कोंबड्याची. आणि तुमचीही."