गाळलेली बावीस पानं

नेब्रास्कातल्या त्या कॉलेजात वेंडल होल्क आला, तेव्हा त्याला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. पहिले दोन महिने तो एकटाच जेवला. मग बोर्डावर एका सेवाभावी फ्रॅटर्निटीची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळाची, चिठ्ठी दिसली. त्या फ्रॅटर्निटीत दारू नव्हती, मारहाण नव्हती. नव्यानं येणाऱ्यानं एखादं काम अंगावर घ्यायचं, ते पुरं करायचं, मग रविवारी शपथ घेऊन आत यायचं, एवढंच. कुणी रक्तदानाच्या शिबिरात राबत होतं, कुणी म्हाताऱ्यांच्या घरासमोरचा बर्फ काढत होतं. नव्या पोरांचं बघणारा कर्टिस म्हणाला, "तुझा आवाज बरा आहे. तू रोझलिनसाठी वाच."

रोझलिन तिसऱ्या वर्षाला होती. ती जन्मापासून आंधळी. इतिहासाचं जाडजूड पुस्तक कुणीतरी टेपवर वाचून द्यायचं आणि तिनं खोलीत बसून ऐकायचं, असा तिचा अभ्यास चाले. १९७९ साल होतं. त्या पुस्तकासाठी दुसरी सोय नव्हती.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "काय रे, कर्टिस म्हणाला, शेतावरचा ना तू? मग सावकाश बोलत असशील. मला सावकाशच हवं. मागचा वाचणारा असा वाचायचा, जणू मागं कुत्रं लागलंय."

वेंडल हसला. त्या दिवशी त्याला कॉलेज आवडलं.

ग्रंथालयाच्या तळघरात एक लहानशी खोली होती. तिथं बसून त्यानं तेरा प्रकरणं मन लावून वाचली. अवघड नावं तो दोनदा म्हणे. नकाशा आला की कुठली नदी कुठून कुठं जाते, ते आपल्या शब्दांत सांगे. रोझलिन दर आठवड्याला टेपा घेऊन जाई आणि म्हणे, "नद्या छान झाल्या."

शपथविधीच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, चौदावं प्रकरण आलं. बटाट्याचं पीक सडल्यावर आयर्लंडमधली माणसं उपाशी कशी मेली आणि उरलेली जहाजांत बसून कशी निघाली, याबद्दल ते होतं. घसा बसला होता. बाकीची नवी मुलं पिझ्झा खायला निघाली होती आणि कर्टिस दारात डोकावून म्हणाला होता, "येतोयस ना? अर्धा तास थांबतो तुझ्यासाठी." पुस्तक शुक्रवारपर्यंत टेपवर पुरं करून द्यायचं होतं आणि अजून दोन प्रकरणं बाकी होती.

वेंडलनं चौदाव्या प्रकरणाची पहिली दोन पानं वाचली. मग पानं चाळून पाहिली. शेवटचा परिच्छेद सगळं सांगून टाकणारा होता, तेवढा वाचला. मधली बावीस पानं त्यानं सोडली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "चौदावं प्रकरण संपलं."

पिझ्झा खाताना त्याला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर फार मजा आली.

बुधवारी रोझलिनची परीक्षा झाली. त्याच दिवशी दुपारी ती काठी टेकत तळघराच्या पायऱ्या उतरून आली.

"वेंडल आहेस का इथं?"

"आहे."

"चौदाव्या प्रकरणाची एखादी टेप तुझ्याकडे राहिली का? सरांनी त्यावरच मोठा प्रश्न घातला. सरकारनं उपाशी लोकांसाठी रस्त्यांची कामं काढली, ती का फसली, असं विचारलं होतं. मला काही म्हणजे काही आठवेना. सरांना म्हटलं, पुस्तकात नाहीये ते. ते म्हणाले, वीसेक पानं आहेत त्यावर."

त्याच क्षणी खरं सांगितलं असतं तर निभावलं असतं, हे वेंडललाही कळत होतं. पण तोंडून भलतंच निघालं. "मी वाचलं होतं सगळं. यंत्र मध्येच अडकत होतं. कदाचित पुसलं गेलं असेल."

रोझलिन स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे मीच पुसलं असणार. सोमवारी मी चुकीचं बटण दाबलं होतं. सरांना तसं सांगून टाकते. उगाच त्यांच्याशी वाद घातला." आणि जाता जाता म्हणाली, "तुला मात्र त्रास दिला."

रविवारी शपथविधी झाला. वेंडलनं आईनं पाठवलेला कोट घातला होता. हात वर करून त्यानं इतरांसोबत शपथ घेतली. स्वतःचा आवाज त्याला परका वाटत होता. मग कर्टिसनं पाहुणी म्हणून आलेल्या रोझलिनला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मी वेंडलचा चेहरा पाहिलेला नाही," ती म्हणाली, "पण पान उलटण्याआधी तो घसा साफ करतो, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे? मला माहीत आहे. इतका नीट वाचणारा मला आजवर मिळाला नव्हता. त्यानं वाचलेलं मी माझ्या चुकीनं पुसलं, तरी तो एका शब्दानं बोलला नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्टिसनं पाठीवर थाप मारली. वेंडल मान खाली घालून उभा राहिला, आणि पोरगा लाजाळू आहे म्हणून लोक आणखीच कौतुकानं पाहू लागले.

तिला वसतिगृहापर्यंत सोडायचं काम त्याच्याकडेच आलं. तिनं त्याचं कोपर धरलं होतं. चर्चपाशी आल्यावर तो म्हणाला, "रोझलिन, तू काही पुसलं नाहीस. मी ती पानं वाचलीच नव्हती."

ती थांबली. कोपर सोडलं.

"किती?"

"बावीस."

"आणि बुधवारी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"मी दोन दिवस ती टेप ऐकत बसले होते," ती म्हणाली. "मागं न्यायची, पुढं न्यायची. वाटलं, कुठंतरी एखादा शब्द तरी उरला असेल." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "उद्या दहाला सरांच्या खोलीत ये. तू बोलायचं. मी नुसती बसणार."

तिथून पुढं ती त्याच्या आधाराशिवाय, काठी टेकत गेली.

सोमवारी त्यानं प्राध्यापक ऑक्सलींना सगळं सांगितलं. सांगताना मध्ये दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा तिच्याकडे बघायचं टाळलं. सर म्हणाले, "ठीक आहे. ती पानं हिला वाचून दे. पुढच्या मंगळवारी ही त्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिहील."

"ह्याच्याकडून नको, सर," रोझलिन म्हणाली. "मी दुसरं कुणी बघते."

सरांनी मान हलवली. वेंडल उठून बाहेर आला.

त्यानं कर्टिसलाही सांगितलं, आपल्याला काढून टाका म्हणाला. कर्टिस खुर्चीत मागं रेलून हसला. "अरे, काढून काय टाकायचं त्यात? सगळेच थोडंफार गाळतात. मी काय कमी गाळलंय? शनिवारी वृद्धाश्रमाच्या खिडक्या पुसायच्यात, आठ वाजता ये." त्या हसण्यानं वेंडलला माफ झाल्यासारखं वाटलं नाही, आपण कुणाच्या पंगतीत बसलो आहोत, ते तेवढं कळलं. तरी शनिवारी तो गेला. काच मळकट राहिली तर कुणालाही दिसते, म्हणून ते काम त्याला सोपं गेलं.

रोझलिननं तो पेपर पुन्हा लिहिला आणि चांगला लिहिला, हे त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तिला आता एक मुलगी वाचून देत होती.

त्या हिवाळ्यात ती त्याला वाटेत कितीदा तरी दिसली. आपण बोललो नाही तर आपण इथं आहोत हे तिला कळणारही नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तो ते वापरत असे. काठीचा आवाज आला की श्वास रोखून बाजूनं निघून जाई. दर वेळी खोलीवर गेल्यावर स्वतःची शिसारी येई. पुन्हा दिसली की पुन्हा तेच.

मार्चमध्ये एकदा ती टपाल कार्यालयासमोर उभी होती. वेंडल चार पावलं पुढं गेला आणि परत फिरला.

"रोझलिन, मी वेंडल."

तिचा चेहरा जराही बदलला नाही. "अच्छा," ती म्हणाली. "टपालवाल्यांनी दार लावलंय का रे जेवणासाठी?"

"नाही. उघडंय. समोर दोन पायऱ्या आहेत, दुसरीवर बर्फ आहे."

"बरं," म्हणून ती काठी टेकत आत गेली.

तो तिथंच उभा राहिला. ती बाहेर येईपर्यंत थांबावं की जावं, ते त्याला ठरवता येईना. मग तो वर्गाला गेला.