वॉकीटॉकीवरची हाळी

घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलता येईल पण कुजबुजल्यासारखं, ओरडायचं आता विसरा. जैनुद्दीन मुजावरनं मान डोलावली, पण ओरडायचं विसरला तर त्याच्याकडं उरणार काय होतं? त्याच्या घराण्याला ना जमीन, ना दुकान. होता तो एकच, हाळीचा मान.

पलूस आणि कुंडलच्या मध्ये आडबाजूला त्याचं गाव. मोहरमला तिथं ताबूत निघतो तो तीन मजली घराएवढा, बांबू, कागद आणि सुतळीचा. खाली खांदेकऱ्यांचा घोळका, आणि वरच्या मजल्याला बांधलेले चार दोर चार बाजूंनी ताणून धरलेले. एकेका दोराचा मान एकेका घराण्याकडं. शिंद्यांचा दोर, पाटलांचा दोर, तांबोळ्यांचा आणि सुतारांचा. ताबूत वळला की पूर्वेकडचा दोर उत्तरेला जातो, त्यामुळं दिशेच्या नावानं तिथं कुणी दोर ओळखत नाही. घराण्याचं नाव घ्यायचं आणि मग सांगायचं, ढील की ताण. दोर धरणाऱ्याला खालून शेंडा धड दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे पुढं उलटं चालत हाळी देणारा मुजावर. जैनुद्दीनची हाळी ताशाच्या वरून जायची आणि वेशीवरच्या म्हातारीलाही कळायचं की ताबूत कुठवर आला.

यंदाच्या बैठकीत मानसिंग पाटलानं विषय काढलाच. मानसिंग कमिटीचा पुढारी, त्यातून पाटलांचा दोर त्याच्याच हातात.

"चाचा, राग मानू नगासा," तो म्हणाला, "पन तुमचं आता ऐकू कुनाला येनार? यंदा हाळी आमचा यशराज देईल. कर्णा लावू झ्याक."

जैनुद्दीन उठून उभा राहिला. कर्ण्याचा आवाज गल्लीत घुमतो, नाव कुणाचं घेतलं ते कळत नाही, चौघंही एकदम ओढतात, हे त्याला सांगायचं होतं. त्यानं सांगितलंही. पण शेजारच्या माणसापलीकडं ते गेलं नाही, आणि तेवढ्यात चहा आला. सगळ्यांनी कप उचलले. उभ्या माणसाकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. जैनुद्दीनला रडू आलं आणि रागही आला, पण राग जास्त होता, म्हणून रडू मागं राहिलं.

त्याची मुलगी दिलशाद शहरात, विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयाचं बुकिंग बघायची. गाड्या लावून घेणारे वॉचमन तिथं वॉकीटॉकीवर एकमेकांशी भांडत असत, ते ती रोज ऐकायची. पुढच्या सुट्टीला ती आली ती तीन खोकी घेऊनच. एकेका खोक्यात दोन-दोन यंत्रं.

"अब्बा, लय स्वस्तातली हायती," ती म्हणाली. "दुकानात खेळन्यातल्या मोटारींच्या शेजारी ठेवलेली. पन बोलत्यात."

ती स्वस्तातली आहेत हे सांगायची गरजच नव्हती. कमरेला अडकवायची पहिली क्लिप खोकं उघडतानाच मोडली. जैनुद्दीननं तिथं ताबूताची सुतळी बांधली आणि एक यंत्र तोंडाशी धरून कुजबुजला, "शिंदे, ढील."

दिलशाद दुसरं यंत्र घेऊन मशिदीच्या पलीकडं गेली होती. ती धावतच परत आली. "अब्बा! खरखर हाय, पन सबूद न् सबूद आला!" ऑपरेशननंतर पहिल्यांदाच जैनुद्दीनचं बोलणं शेजारच्या माणसापलीकडं गेलं होतं.

पाटील सोडून बाकी दोरवाल्यांना जमवून तालीम केली तिचा मात्र पार विचका झाला. जैनुद्दीननं विचारलं, "ऐकू येतंय का?" त्यावर सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबून "व्हय!" केलं आणि यंत्रातून नुसती किरकिर आली. मग जैनुद्दीन बटणावरचं बोट काढायलाच विसरला आणि कुणालाच बोलता येईना. शेवटी आकाराम शिंदे चिडला. तो फौजेतून रिटायर झालेला, बिनतारी यंत्रं पाठीवर वाहिलेला.

"आरं, बाजार हाय का ह्यो? आदी घरान्याचं नाव, मग जवाब. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी गप बसायचं. आनि जवाब आल्याबिगार जैनूभाईनं फुडची हाळी द्यायची न्हाई."

तसं ठरलं. दुपारपर्यंत तिघं दोरवाले आणि खांदेकऱ्यांचा म्होरक्या सरफराज एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानात बोट, असे तयार झाले. मानसिंगकडं त्याचं यंत्र घेऊन दिलशाद स्वतः गेली. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसून परत तिच्या हातात ठेवलं.

"पोरींच्या खेळन्यावर ताबूत चालवायचा? कमिटीनं यशराजला नेमलाय."

हे आकारामच्या कानावर गेलं तसा तो चावडीसमोर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "हाळी मुजावराचीच. दोर आमच्या घरान्याचा, कान बी आमचाच. कुनाचं ऐकायचं ते कमिटीनं सांगायचं काम न्हाई." तांबोळ्यांचा वसीम आणि सुतारांचा सयाजी त्याच्या मागं येऊन उभे राहिले.

मग मोहरमला ताबूत निघाला तो दोन हाळ्यांवर. पुढं यशराज कर्णा घेऊन, आणि जैनुद्दीन कुठंच नाही. लोकांना वाटलं, म्हातारा रुसून घरी बसला. म्हातारा बसला होता आकारामच्या गच्चीवर, गावातल्या सगळ्यात अरुंद वळणापाशी. जन्मभर त्यानं ताबूताचा शेंडा खालून मान मोडेस्तोवर पाहिला होता. आज यंत्र हातात होतं म्हणून पहिल्यांदा तो शेंड्याच्या बरोबरीला उभा होता. आकारामची बायको शालूबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी.

समोर मानसिंगचं घर. तिसऱ्या मजल्यावर त्यानं औंदा पत्र्याचं शेड ठोकलेलं, आणि त्याची कड हातभर गल्लीत आलेली. शालूबाईनंच ती दाखवली. मानसिंग दोर धरून नेमका त्या पत्र्याखाली येणार होता, जिथून सगळं गाव दिसतं, पण आपल्या घराची कड तेवढी दिसत नाही.

ताबूत वळणात शिरला. ताशे कडकडत होते. कर्ण्यातून यशराज ओरडला, "पाटील, ताण!" गल्लीत नुसतं "आण, आण" घुमलं. मानसिंगनं मात्र लेकाचा आवाज ओळखला आणि जोर लावून दोर ओढला. शेंडा पत्र्याकडं झुकला. वर्षभर हात लावून बांधलेला कागद आणि त्या पत्र्याची धार यांच्यात वीतभर अंतर राहिलं. बायका किंचाळल्या.

आकारामनं समोरून दोर आवळला. जैनुद्दीननं बटण दाबलं. "शिंदे, थांब. ओढू नको. बांबू मोडंल."

"शिंदे. थांबलो."

"सरफराज, खांदेकरी पाटलाकडं एक पाऊल. एकच."

"सरफराज. एक पाऊल."

सगळा ताबूत बुडातून मानसिंगकडं सरकला, शेंडा आकारामच्या दोरानं पत्र्याबाहेरच राहिला, आणि त्याच्या हातातला ताणलेला दोर एकदम सैल पडला. तो ओढतच होता, पण ओढायला काही उरलंच नव्हतं.

"शिंदे, आता ताण. तांबोळी, सुतार, जागेवर."

तिन्ही जवाब एकामागून एक आले. शेंडा पत्र्यापासून सुटला, सरळ झाला, आणि ताबूत वळण ओलांडून उभा राहिला. मानसिंग सैल दोर हातात धरून वर बघत होता. आपल्याच घराचा पत्रा त्याला आत्ता दिसला होता.

ताशे थांबले. खांदेकऱ्यांनी ताबूत टेकवला. पुढं अजून अर्धं गाव बाकी होतं. यशराजनं कर्णा खाली ठेवला. मानसिंग गच्चीखाली आला आणि वर हात केला. "चाचा, द्या ते."

जैनुद्दीननं बंडीच्या खिशातून पाटलासाठी ठेवलेलं यंत्र काढलं, सुतळीला बांधून ते गच्चीवरून खाली सोडलं. मानसिंगनं इअरफोन कानात घातला आणि दोराकडं जायला वळला.

"पाटील," जैनुद्दीन कुजबुजला, "ऐकू येतंय?"

मानसिंगनं नुसती मान हलवली. जैनुद्दीननं बटणावरचं बोट काढलं. खांदेकरी थांबले, दोरवाले थांबले, गाव थांबलं. आकाराम मिशीत हसत आभाळाकडं बघू लागला. जवाब आल्याशिवाय पुढची हाळी नव्हती.

मानसिंगनं इकडंतिकडं पाहिलं, बटण दाबलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, "पाटील. ऐकू येतंय, चाचा."

"मग उचला," जैनुद्दीन म्हणाला.