शेट्टींचे डोळे

"बाहुल्यांना पाण्याचा हात लावू नकोस हं. कोरड्या कुंचल्यानं धूळ झाडायची, बस," म्हैसूरला जाताना सासूबाई बजावून गेल्या होत्या. सुखदानं मान डोलावली आणि ते कानाआड केलं. वर्षभर कडुनिंबाच्या पाल्यात पडून राहिलेल्या मातीच्या बाहुल्या, आणि घरात दीड वर्षाचा निहार, दिसेल ते तोंडात घालणारा. बी.एस्सी. झालेली आई जंतूंना विसरणार कशी? तिनं साबणाच्या पाण्यात फडकं पिळलं आणि दसऱ्याला पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांपैकी वाणसामानाच्या दुकानावर बसणाऱ्या शेट्टींचं तोंड पुसलं. फडक्यावर आधी मिशी आली, मग दोन्ही डोळे.

सासूबाई परवा परतणार होत्या. तीस वर्षं जपलेल्या बाहुल्या त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच सुनेच्या हाती दिल्या होत्या. पुन्हा देतील का, हाच घोर. निहारला काखोटीला मारून, शेट्टींना जुन्या धोतरात गुंडाळून ती जे. पी. नगरातून रिक्षानं जुन्या पेठेत, चिकपेटला गेली. तिथल्या सोयराबाई चाळीस वर्षं घरोघरच्या बाहुल्या दुरुस्त करत आल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत.

अक्कांनी शेट्टींना उलटसुलट पाहिलं. "न्हाऊ घातलंस काय गं ह्याला?"

"नुसतं पुसलं, अक्का. बाळ चाटतं ना."

"मग मांडणीत वरच्या पायरीवर बसव की शेट्टीला. तोंड कशाला धुतीस? सरी, बरं, बस. स्वल्प वाळू दे."

खडू आणि डिंकाचा हात देऊन अक्कांनी शेट्टींना सावलीत ठेवलं. वाळल्यावर गालांना रंग दिला, एका फटक्यात मिशी ओढली आणि कुंचला सुखदापुढे धरला.

"डोळे तू काढ."

"मी? बिघडतील हो."

"आधी बिघडवलं कुणी? तूच की. ज्या घरची बाहुली, त्या घरच्या बाईनं डोळे काढायचे. माझ्या सासूपास्नं असंच हाय."

सुखदानं श्वास रोखून दोन डोळे काढले. उजवा जरा बारीक झाला. अक्कांच्या मांडीवरचा निहार त्यांच्या बांगड्या चावत होता.

"बघतोय की शेट्टी," अक्का म्हणाल्या. "आणि काय पाहिजे?"

सासूबाईंनी आल्या आल्या चष्मा लावून शेट्टींकडे बराच वेळ पाहिलं.

"अक्कांकडे गेली होतीस?"

"हो. चुकलं माझं, आई."

"माझ्या वेळी डावा मोठा झाला होता," सासूबाई म्हणाल्या. "मी तर नळाखालीच धरलं होतं त्यांना." मग पेटीतून मांडणीतली सगळ्यात मानाची, लाकडी राजाराणीची जोडी काढून त्यांनी सुनेच्या हातात दिली. "ही तू मांड."

ही गोष्ट गेल्या वर्षीची, सत्त्याण्णवची. यंदा दसरा आठ दिवसांवर आलाय आणि निहारला कांजिण्या आल्यात, त्यामुळे सुखदाला घर सोडता येत नाही. अक्का एकट्याच असतात, घरी फोन नाही. तुमच्यापैकी कुणी चिकपेटला जाणार असाल तर जरा डोकावून त्यांची खुशाली विचारून या, एवढंच तिचं मागणं आहे. कडी वाजवून लगेच मागे फिरू नका. हातातलं काम खाली ठेवायला त्यांना वेळ लागतो.